आखाजी ते आखाजी

[दृश्य: कडुनिंबाच्या फांदीला बांधलेला झोका. झोक्यावर दोन लेकुरवाळ्या बाया. मागे ओट्यावर पत्त्यांचा डाव रंगलेला.]

खान्देशात सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याचं, वर्ष आखाजीला सुरू होतं आणि आखाजीलाच संपतं. अक्षय्य तृतीयेला मालक आणि गडी समोरासमोर बसतात, मागचा हिशेब मिटतो, पुढचं साल ठरतं. अमळनेरच्या आमच्या नाट्यसंस्थेचे कागद ३१ मार्चला बंद होतात, त्यावर रीतसर सही-शिक्का पडतो. पण संस्थेतले बरेच कलाकार शेतीवर, जिनिंगवर, नाहीतर लग्नाच्या बँडवर पोट भरतात. त्यामुळे आमचं खरं साल आखाजीचं. या चित्रफितीत त्या सालाचा हिशेब मांडतो आहोत. पैशाचा थोडा, कामाचा जास्त.

सुरुवात मे महिन्यातली. जळगाव-भुसावळकडे या दिवसांत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, अमळनेरही फार मागे नसतं. शाळेचा हॉल सुटीत रिकामा मिळतो, पण दुपारी त्या पत्र्याखाली कोणी उभं राहू शकत नाही. मग तालमी धाब्यावर. जुन्या मातीच्या घरांची ती सपाट गच्ची, संध्याकाळी पाणी मारलं की तासाभरात निवते. रात्री नऊनंतर तिथे सतरंजी पडायची आणि एकच प्रश्न घेऊन सगळे बसायचे: बहीण आखाजीला माहेरी आली आहे, आणि भाऊ तिच्यासमोर हक्कसोडीचा कागद ठेवतो. पुढे काय होतं?

हा प्रसंग कोणी कल्पनेतून आणला नव्हता. महाराष्ट्रात १९९४ मध्ये कायदा बदलला, मग २००५ मध्ये देशभर बदलला, आणि वडिलोपार्जित जमिनीत लेकीला लेकाइतकाच वाटा मिळाला. कागदावर मिळाला. गावात मात्र सातबाऱ्यावर बहिणींची नावं चढतात आणि काही वर्षांत हक्कसोड होऊन उतरतात. सहीसाठी बऱ्याचदा माहेरपणाचाच मुहूर्त धरला जातो, कारण तेव्हा बहीण आयतीच घरी असते. आमच्या संस्थेतल्या बायकांना हे सांगावं लागलं नाही. बैठकीत एकीने तोंड उघडलं आणि मग त्या रात्री दुसऱ्या कुठल्याच विषयाला जागा उरली नाही.

[दृश्य: धाब्यावरची तालीम. एकच बल्ब. बहिणीची भूमिका करणारी कलाकार मांडी घालून बसलेली, समोर दुमडलेला कागद.]

नाटक अहिराणीत, खान्देशच्या आमच्या बोलीत, करायचं हे त्याच रात्री ठरलं. आणि इथे थोडं थांबून बोललं पाहिजे, कारण आमच्या सालाचा कणा हाच आहे.

अहिराणी आज चांगली ऐकू येते. मोबाइल उघडा, अहिराणी गाणी आहेत, अहिराणी विनोदी व्हिडिओ आहेत, लाखो लोक बघतात. लग्नात बँडवाल्याने अहिराणी गाणं वाजवलं नाही तर वऱ्हाड नाचत नाही. २०११ च्या जनगणनेत खान्देशी (अहिराणी तिच्यातच मोजली जाते) ही आपली मातृभाषा म्हणून नोंदवणारे सुमारे १८ लाख ६० हजार लोक होते. बोली जिवंत आहे आणि तिच्यावर प्रेम करणारेही पुष्कळ आहेत. पण रंगमंचावर ती कोणाच्या तोंडी येते ते बघा. गडी, मोलकरीण, दारुडा, बावळट पाहुणा. वकील मराठी बोलतो, नायिका मराठी बोलते, दुःख मराठीत होतं. अहिराणी बोलणारा आला की प्रेक्षक हसायच्या तयारीनेच सावरून बसतो. आम्हाला हे सोसत नाही. ज्या भाषेत माणसं कर्जाची बोलणी करतात, सोयरीक मोडतात, मयताला मोठ्याने हाक मारून रडतात, ती भाषा नाटकात फक्त हसवण्याच्या कामाची कशी?

बहिणाबाईंचं नाव अशा वेळी खान्देशात सगळेच घेतात. घ्यावंच. पण त्यांची बोली लेवा, आसोदा-जळगावकडची. ती आणि अहिराणी शेजारी नांदतात, तरी एक नाहीत. अहिराणीला स्वतःचं काम स्वतःच करावं लागणार आहे.

संहिता आधी मराठीत लिहायची आणि मग अहिराणीत उतरवायची, हा मार्ग आम्ही घेतला नाही. तसं केलं की वाक्य मराठीच राहतं, शेवटी फक्त ‘आहे’च्या जागी ‘शे’ लागतं. त्याऐवजी प्रसंग सांगायचा, दोघांना समोरासमोर बसवायचं आणि बोलू द्यायचं. तिसऱ्याने लिहून घ्यायचं. भाऊ म्हणायचा, “बहीन, आठे सही करी दे.” रोज तो हेच म्हणायचा आणि बहिणीचं उत्तर रोज वेगळं यायचं. कधी ती गप्प बसायची, कधी आईकडे बघायची. एका रात्री तिने कागद उचलला आणि पुन्हा त्याच्यापुढे सरकवला. “पहिले वाचीसन दखाड.” आधी वाचून दाखव. तालमीत बसलेले सगळे सरळ झाले. नाटकाचा मध्य तिथे सापडला. भाऊ कागद मोठ्याने वाचतो आणि वाचता वाचता त्यालाही तो पहिल्यांदाच ऐकू येतो. कागदाची भाषा सरकारी मराठी. त्यामुळे त्याची जीभ अडखळते, शब्दाशब्दाला थांबते. प्रवेश एवढाच आहे आणि संपूर्ण नाटकात आम्हाला त्याच्याइतकं बळकट काही वाटत नाही.

आणखी एक गोष्ट तालमीतच हाती लागली. बहीण साक्रीकडे दिलेली. अमळनेरची अहिराणी आणि साक्रीकडची अहिराणी यांत फरक आहे, हेल वेगळा, काही शब्द वेगळे. भूमिका करणारीचं सासर खरोखरच तिकडचं. तिच्या बोलण्यात दोन्ही मिसळतात. तालमीत कोणीतरी ते सुधारायला निघालं होतं, दिग्दर्शकाने थांबवलं. माहेरच्या ओट्यावर बसून ती सासरचा शब्द बोलून जाते तेव्हा भावाच्या चेहऱ्यावर जे येतं, ते संवाद लिहून आणता आलं नसतं.

[दृश्य: आषाढातला पाऊस. बँडच्या गाडीवर ताडपत्री. गाडीमागे कीबोर्ड पुसत बसलेला तरुण.]

आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की लग्नं थांबतात आणि बँडवाली पोरं मोकळी होतात. आमच्याकडचे तिघे बँडवर वाजवतात. त्यांचा धंदा तुळशीच्या लग्नापर्यंत बंद, म्हणजे त्यांच्या घरात चार महिने चणचण आणि आमच्याकडे तालमीला माणसं. ही गोष्ट आनंदाने सांगण्यासारखी नाही. म्हणून या वर्षी आम्ही एक पद्धत पाडली: चातुर्मासातल्या तालमीला येणाऱ्या वादकांना रोजचा भत्ता. रक्कम लहान आहे. पण ती तालमीच्या दिवशीच हातात पडते आणि तिच्यासाठी कोणाला मागे लागावं लागत नाही.

मग श्रावण. नागपंचमीनंतरचा रविवार म्हणजे कानबाई.

[दृश्य: चौरंगावर कानबाई. नारळाला नथ, डोळे, चुनरी. बाजूला गव्हाच्या राशी.]

ज्यांनी खान्देशातली कानबाई पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं. घराण्यातल्या पुरुषांच्या नावाने गहू मोजून घेतले जातात, ते दळून रोट होतात. पुण्या-सुरतेला नोकरीला गेलेले भाऊबंद त्या दिवशी एका घरात येतात. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारेही येतात, कारण रोट भाऊबंदकीचा असतो. नारळाची कानबाई रविवारी बसते, रात्रभर जागरण होतं, सोमवारी वाजतगाजत नदीवर विसर्जन. आणि जागरणाला वही.

वही म्हणजे देवीची गाणी, डफाच्या तालावर, अहिराणीत. मुख्य गायकाने ओळ टाकायची, मागच्यांनी उचलायची. पहाटेपर्यंत. आमच्याकडे याचे सगळ्यात जुने जाणते गायक आहेत, सगळे त्यांना आबा म्हणतात. संस्थेचे ते सभासद नाहीत, होणारही नाहीत. पण दोन वर्षांपासून त्यांनी आमच्या पोरांना शिकायला घेतलं आहे.

पावसाळ्यात डफ बसतो. हवेतली ओल चामड्यात शिरते, चामडं सैल पडतं आणि थाप मारली की भद्द असा मेलेला आवाज येतो. म्हणून अंगणाच्या कोपऱ्यात कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या पेटवायच्या. पऱ्हाटी भर्रकन पेटते, धूर कमी करते आणि लवकर विझते, तेवढीच आच हवी असते. आबा डफ तोंडासमोर धरल्यासारखा जाळावर धरतात, सारखा फिरवत राहतात, मधेच बोटाच्या पेराने कडेला टिचकी मारतात. कडेला, मधोमध नाही. कान जवळ नेतात. पुन्हा फिरवतात. जाळ जास्त झाला तर चामडं तडकतं, कमी पडला तर दोन गाण्यांत पुन्हा बसतं. टिचकीचा आवाज टणक झाला की ते काही न बोलता डफ शेजारच्याच्या हातात देतात. या वर्षी तो हात बारावीतल्या एका मुलीचा होता.

वहीच्या मंडळात बहुतेक पुरुषच दिसतात. बायका कानबाईची गाणी म्हणतात, पण डफ पुरुषांकडे. ही मुलगी आजोबांबरोबर यायची, मागे बसायची. ओळी तिच्या पाठ झाल्या होत्या, हे एकदा आबांच्या लक्षात आलं. तिने शाळेची वही काढली, ओळी लिहायला लागली. आबा म्हणाले, “लिखू नको, ध्यानमा ठेव.” बस. मुलीने डफ घ्यावा की नाही यावर आमच्यातल्या काहींनी चर्चा केली, आबांनी केली नाही. श्रावणातल्या त्या सोमवारी, पहाटे चारच्या सुमारास, थकलेल्या मंडळात मागची ओळ उचलणारा सगळ्यात खणखणीत आवाज तिचा होता.

त्या जागरणाचा आमच्या नाटकाशी थेट संबंध आहे. आमच्या दिग्दर्शकाच्या मनात होतं की नाटकात वही घ्यावी, कागद वाचण्याच्या प्रवेशानंतर. आबांना विचारलं. त्यांनी नकार दिला: देवी बसलेली नसताना वही म्हणायची नाही. वाद झाला नाही, आम्ही ते मान्य केलं, आणि आज तो निर्णय बरोबर वाटतो. नाटकात आता आखाजीची झोक्यावरची गाणी आहेत, बायकांची, जी त्या प्रसंगाचीच आहेत. वहीने आम्हाला दुसरंच काही दिलं. रात्रभर अहिराणी ऐकली, आणि तीत देवीचा कोप होता, लेकीची पाठवणी होती, मरण होतं. कोणी हसत नव्हतं. बोलीला गांभीर्य आम्ही मिळवून द्यायला निघालो नाही, ते तिच्याकडे आधीपासून आहे. रंगमंचाने ते ऐकलं नव्हतं, एवढंच.

[दृश्य: झटपट. टिपऱ्या घेतलेल्या मुली. झाकलेला डबा. खिरापत ओळखण्याचा गलका.]

भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई, मुलींच्या गाण्यांचा सण. संस्थेने काही केलं नाही, गल्लीगल्लीत मुली करतातच. आम्ही फक्त गाणी ऐकत फिरलो.

दसरा झाला की कापूस, आणि कापूस आला की जिनिंग. नेमक्या याच दिवसांत राज्य नाट्य स्पर्धा. आमचा भाऊ, म्हणजे नाटकातला, जिनिंगवर कामाला आहे. हंगामात पाळी बारा तासांची, सुटी मिळत नाही. अहिराणी नाटक स्पर्धेत उतरवायचं तर त्याला बदलावं लागलं असतं. त्याला बदलायचं नाही असं ठरलं. स्पर्धेला दुसरी मंडळी दुसरं, मराठी नाटक घेऊन जळगावला गेली. नेपथ्य छोट्या टेम्पोत, माणसं पॅसेंजरने. जळगाव केंद्रावर स्पर्धा बघायला दरवर्षी जावं असं आम्ही नव्या मुलांना सांगतो, नाटक करत असोत वा नसोत. बालगंधर्वांनी गाण्याचे पहिले धडे याच शहरात मेहबूब खाँ यांच्याकडे घेतले, त्यांच्या नावाचं खुलं नाट्यगृह इथे आहे, आणि जिल्ह्याभरातली हौशी मंडळी एकमेकांचं काम बघायला वर्षातून एकदाच अशी एकत्र येतात. आम्हाला अभिनयाचं एक प्रमाणपत्र मिळालं. पहिला क्रमांक दुसऱ्या संस्थेचा होता आणि ते नाटक खरोखर चांगलं होतं.

[दृश्य: गावातला सभामंडप. ताडपत्रीवर बायका. मागे उभे पुरुष. दोन हॅलोजन.]

अहिराणी नाटकाचे प्रयोग संक्रांतीनंतर सुरू झाले. अमळनेर, पारोळा, धरणगाव, शिंदखेडा या तालुक्यांतल्या गावांत. कपाशीचा पैसा तोवर हातात आलेला असतो, लग्नाची धावपळ अजून लागलेली नसते. तिकीट नाही. गावाने जेवण द्यायचं, नाटकानंतर ताट फिरतं, ज्याला जे टाकायचं ते टाकावं.

गावात नाटक करायचं तर तारीख ठरवताना पंचांगाआधी विजेचं वेळापत्रक बघावं लागतं. शेतीच्या पंपांना काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री वीज मिळते. रात्रीचा आठवडा असला आणि गहू-हरभऱ्याला पाणी द्यायचं असलं, तर पुरुष नाटकाच्या मध्यातून उठून वावरात जातात. त्यांचा काही दोष नाही. आता आम्ही सरपंचांना पहिला प्रश्न तोच विचारतो. आणि प्रयोग साडेआठच्या आधी नाही. बायकांची भांडी झाल्याशिवाय पुढच्या रांगा भरत नाहीत, आणि हे नाटक पुढच्या रांगांसाठीच आहे.

पहिल्या दहा मिनिटांत सगळीकडे तेच घडायचं. भाऊ अहिराणीत बोलायला लागला की मागून हशा यायचा. सवयीने. कलाकारांना सांगून ठेवलं होतं, थांबायचं नाही आणि आवाजही चढवायचा नाही. कागद बाहेर आला की हसणं कमी होत जायचं. वाचनाच्या प्रवेशात मंडपात फक्त हॅलोजनभोवतीच्या किड्यांचा आवाज. एका गावात बहिणीने शेवटी सही केली, कारण नाटकात ती सही करते. पुढच्या रांगेतली सत्तरीची बाई प्रयोग संपल्यावर उठून थेट तिच्याकडे आली. “पोरी, तू वावर मांगी लेवाले जोयजे व्हतं.” शेत मागून घ्यायला हवं होतंस. कलाकार म्हणाली, आजी, ते नाटक आहे. आजीला ते माहीत होतं. तिचं म्हणणं पूर्ण व्हायचं होतं. मग बाजूच्या दोघींनी तिला विरोध केला, भाऊ तुटला तर माहेर राहतं का, अशा अंगाने. त्यांच्या सुना मधे पडल्या. नेपथ्य उतरवून टेम्पोत भरेपर्यंत ते बोलणं चालू होतं, सगळं अहिराणीत, सगळं गंभीर. आम्ही नाटकाचा शेवट बदलावा का, यावर त्या रात्री परतीच्या वाटेत बोललो. बदलला नाही. सही केल्यामुळेच त्या भांडल्या असं आमचं मत आहे.

[दृश्य: टेबलावर फायली. प्लास्टिकच्या पिशवीतून काढलेली कागदपत्रं.]

रंगमंचापासून दूरचं एक काम या वर्षी बरंच झालं. वृद्ध साहित्यिक आणि कलावंतांना राज्य शासनाचं मानधन मिळतं. २०२४ पासून ते दरमहा ५००० रुपये आहे. अर्ज करायचा तर आपण कलावंत आहोत याचे पुरावे लागतात: हँडबिलं, कात्रणं, प्रमाणपत्रं. वही गाणाऱ्या माणसाने आयुष्य अंगणात गाऊन काढलेलं असतं, तिथे हँडबिल कोण छापतो? तमाशात ढोलकी वाजवलेले, सारंगखेड्याच्या यात्रेपासून अमळनेरच्या सखाराम महाराजांच्या यात्रेपर्यंत राहुट्यांमागे जगलेले लोक आहेत, त्यांच्याकडेही फोटो एखादाच, तोही उडालेला. संस्थेतल्या दोन निवृत्त शिक्षकांनी घरोघरी जाऊन ही माणसं बोलती केली, त्यांच्या कलेची नोंद लिहिली, जुने कार्यक्रम ज्यांना आठवतात त्यांची लेखी निवेदनं घेतली, फायली बांधल्या. काही अर्ज गेले, काही अजून अडले आहेत. हे काम टाळ्यांचं नाही. पण आमच्या मते नाट्यसंस्थेने ते करायलाच हवं, कारण आम्ही ज्यांच्याकडून शिकतो ते म्हातारपणी औषधाला पैसे नाहीत म्हणून बसलेले असतील, तर आमच्या प्रयोगाला उभं राहायला जागा नाही.

होळीला थोडेजण काठी गावाला जाऊन आले, सातपुड्यातली राजवाडी होळी बघायला. तिथलं नाचणं, मोरपिसं, घुंगरं, रात्रभराचे ढोल यावर चार वाक्यांत बोलणं बरं नाही. पुढे कधी तिथल्याच माणसांच्या आवाजात ते मांडू.

[दृश्य: नव्या तालमीची सुरुवात. जमिनीवर खडूने आखलेली चौकट.]

पुढच्या सालात तीन कामं ठरली आहेत. अहिराणी नाटकाचे प्रयोग साक्री आणि बागलाणच्या बाजूला न्यायचे, तिथल्या कानांना आमची बोली कशी लागते ते बघायचं. चातुर्मासात दुसरी संहिता उभी करायची, विषय सालदाराच्या उचलीचा, म्हणजे त्याने आगाऊ घेतलेल्या पैशाचा. आणि डफ शिकणाऱ्या मुलांची संख्या वाढली आहे, त्यांच्यासाठी डफ मढवून घ्यायचे.

ज्या गावांना नाटक हवं आहे त्यांनी कळवावं. आम्हाला लागतं ते एवढं: पंधरा बाय वीस फुटांची सपाट जागा, विजेचा एक भरवशाचा पॉइंट, दहा माणसांचं जेवण. रात्रपाळीची वीज कोणत्या आठवड्यात आहे तेवढं आधी विचारून ठेवा. आणि पुढची ताडपत्री बायकांसाठी मोकळी ठेवा.